कोपऱ्यातलं बटण

चार वाजेपर्यंत पुस्तिका छापखान्यात गेली नाही, तर यापुढे हे काम बाहेरून करून घेऊ, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं: 'पंप बंद पडल्यास काय करावे'. दुसरा कुणी लिहायला बसला असता. पंपांच्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या, आणि म्हणून ऑफिसात 'लेखक' म्हटल्या जाणाऱ्या गृहस्थांनी कीबोर्ड सुधारायला घेतला.

कॉम्प्युटरवर ते ज्यात लिहीत, त्या लाडक्या एडिटर प्रोग्रॅमच्या दोन अवस्था होत्या. एकीत टाइप केलेलं उमटायचं. दुसरीत प्रत्येक बटण म्हणजे हुकूम: एकानं ओळ खोडली जाई, दुसऱ्यानं तिची नक्कल होई. लिहिता लिहिता हुकमात शिरायचं बटण होतं वरच्या डाव्या कोपऱ्यात.

"तिथवर करंगळी न्यायला अर्धा सेकंद जातो," ते शेजारच्या टेबलावरच्या ड्रॉइंगवाल्या मॅडमना म्हणाले.

"आणि हे सांगायला किती गेले?"

लेखकांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी जाण्या-येण्याचं काम अर्धविरामाच्या बटणावर सोपवलं, आणि जुनी सवय मोडावी म्हणून त्यासाठीची जुनी बटणं बंद करून परतीचे दोर कापले. मग अर्धविराम दाबला. एडिटर हुकमात गेला. पुन्हा दाबला. एडिटर हुकमातच राहिला. सेटिंगमध्ये हुकमात जायची ओळ होती, परत लिहिण्यात यायची राहून गेली होती. ती लिहायची तर लिहिता यायला हवं, आणि लिहिता यायचं तर ती लिहायला हवी.

"अहो, फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा ना!"

"मॅडम, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"नोकरीचा पण आहे. तीन वाजले."

चिडून लेखकांनी कीबोर्डावर मूठ आपटली, तर गाळणीचं आख्खं प्रकरण उडालं. ते परत आणताना त्यांच्या लक्षात आलं, की लिहिता येत नसलं तरी उचलता येतं. तिसऱ्या पानावरून त्यांनी 'पंप बंद करा' उचललं, नवव्यावरून 'दहा मिनिटे थांबा', चौथ्यावरून 'पंप सुरू करा'. पान रिकामंच दिसत होतं, म्हणून तिन्ही ओळी आणखी एकदा डकवल्या. शेवटी मागच्या कव्हरवरची 'आमच्या मेकॅनिकला बोलवा' ही ओळ आणली. चारला तीन मिनिटं असताना पुस्तिका गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. शेजारी कंपनीचा जुना मेकॅनिक उभा होता.

"साहेब, वीस वर्षं गिऱ्हाइकाकडे जाऊन मी हेच करतोय," तो गहिवरून म्हणाला. "पण असं कुणी लिहून नव्हतं ठेवलं!"

"पंपांच्या बारा मोटारींच्या पुस्तिका आहेत," साहेब म्हणाले. "सगळ्या अश्शाच सुटसुटीत हव्यात. पहिली उद्या."

लेखक जागेवर आले, तर कॉम्प्युटर विभागानं परस्पर सगळं पूर्ववत करून ठेवलेलं. त्यांनी जुन्या पुस्तिकेवरून लिहायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मोटारीची नुसती प्रस्तावनाच अकरा पानं झाली. बाह्या सरसावून त्यांनी सेटिंग उघडलं. अर्धविराम बदलला, ओळी वरखाली केल्या, डोळे मिटूनही चार बटणं बदलून पाहिली. तासाभरानं ते डोक्याला हात लावून बसले.

"आता काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही केलं तरी चालतंय हो," लेखक रडवेल्या आवाजात म्हणाले.