पाणतीराचा दम

आमच्या रिसोडच्या सखारामबापूंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण पाण्याखाली कोण किती पळतं हे त्यांना तोंडपाठ होतं. अणुशक्तीवर चालणाऱ्या जगातल्या पहिल्या पाणबुडीची बातमी पेपरात आली, तेव्हा अख्खं गाव तोंडात बोट घालून बसलं. बापूंनी मात्र नाक मुरडलं. "पानबुडीचं काय घेऊन बसले? खरा पळ पानतीराचा, त्या टारपेडोचा! तिच्या पोटातून सुटला का ताशी पन्नास मैल!"

बापू शेतकरी, पण जीव सगळा शंकरपटात. बैलांच्या शर्यती म्हटल्या की हातातलं वखर तिथेच. बैल घेतानाही "पळ मंग सांग, पयले दम सांग" असा खाक्या.

मी गावातला मास्तर. शाळा सुटली की बापू दारात हजर.

"गुरुजी, मांगं पानतीर पन्नासचा, समोर आगबोट पस्तिसची. मधात एक कोस. गाठन का?"

कोसाचे दोन मैल धरून मी फळ्यावर मांडायचो. आठव्या मिनिटाला गाठतो! बापूंचा चेहरा उतरायचा. दुसऱ्या दिवशी दीड कोस, मग दोन. बोट कितीही पुढे न्या, गणितात ती सापडायचीच. वर्षभर हा छळ सोसून एकदा मी वैतागलो. "बापू, त्या बोटीवर तुमचं कोण बसलंय?"

ते उठून गेले. आठवडाभर फिरकले नाहीत.

मग एका जुन्या मासिकात पाणतीरावरचा लेख हाती लागला आणि मी कपाळावर हात मारला. जेमतेम तीन मैल धावला की पाणतीर थांबतो! बैलाचा दम विचारणाऱ्या बापूंनी त्याचा दम विचारला नव्हता, आणि मी तर मास्तर असून नाही. मी त्यांना शेतातून ओढतच शाळेत आणलं.

"बोट गाठायला साडेसहा मैलांच्या वर धावावं लागतं, बापू. याचा दम तिनातच सरतो."

"म्हंजे गाठत नाही?"

"नाही!"

बापू धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाले, "आमचा पोरगा देवराव हाय नेवीच्या बोटीवर. त्याच्या मायले गिरनीत हाय म्हनून सांगतलं. तिले कळलं तं अन्न सोडन. मंग मी कोनाले इचारू, गुरुजी?"

माझ्या वैतागाची मला लाज वाटली, आणि पोराची बोट गणितात तरी वाचली म्हणून हलकंही वाटलं. काहीतरी करायचं म्हणून मी फळा पुसायला फडकं उचललं.

"राहू द्या गुरुजी. पुसू नोका."

दुसऱ्या दिवशी मुलांचा धडा मी फळ्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिला.