पळस फुलल्यावर, जांभळं पिकण्याआधी

एका जंगलात (नाव मुद्दाम सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही सहलीला जाल आणि वेफर्सची पाकिटं टाकून याल) एक खवले मांजर राहत होतं. त्याला सगळे खवलोजीराव म्हणत. खवलोजीरावांचा धंदा बिळं खणून द्यायचा.

आता बाळांनो, तुम्ही विचाराल, उंदीर आपली बिळं आपणच नाही का खणत? खणायचे हो, पूर्वी खणायचे. पण खवलोजीरावांनी त्यांना पटवलं की घरी खणलेलं बीळ म्हणजे अगदीच गावठी. झालं! सगळे उंदीर त्यांची गिऱ्हाइकं बनले. हळूहळू खणायचं कसं, हेही विसरले.

बिळाबरोबर खवलोजीराव सपोर्ट देत. म्हणजे बीळ ढासळलं तर येऊन नीट करून देत. तक्रार जरा अवघड असली, की मात्र अंगाचं मुटकुळं करून बसत. मुटकुळ्याशी कोण डोंबल भांडणार? गिऱ्हाईक थोडा वेळ वाट बघून घरी जाई.

भिंगरी उंदरिणीचं बीळही त्यांच्याकडचंच. पुढे एक दार, मागे एक दार. धामण पुढून आत शिरली की मागून पळता यावं, म्हणून मागचं दार.

एके दिवशी खवलोजीरावांनी सभा भरवली.

"मंडळी, आनंदाची बातमी! नवं बीळ येतंय. अधिक गोल, अधिक गार. जांभळं पिकली की मिळेल. जुन्या बिळांचा सपोर्ट पळस फुलला की बंद!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंगरीने शेपटी वर केली.

"अहो खवलोजीराव, पळस फुलतो शिमग्याला. जांभळं पिकतात मृगाच्या तोंडावर. मधे आम्ही काय करायचं?"

"मधला काळ हा संक्रमणाचा काळ आहे, ताई."

"ते कळलं. पण बीळ ढासळलं तर?"

खवलोजीराव थोडेसे वाकू लागले.

"बरं, नव्या बिळाला मागचं दार तरी आहे ना?"

"ते त्याच्याही पुढच्या बिळात येणार आहे," एवढं बोलून खवलोजीरावांनी मुटकुळं केलं.

मागच्या रांगेतून एक गोड आवाज आला. "एकच दार! इश्श, किती सुटसुटीत! मला तर बाई फारच आवडलं." धामण बोलत होती. सगळे म्हणाले, बघा, जाणकारांनाही पसंत आहे. हसू नका रे, तुमच्याकडेही सभा अशाच होतात.

पळस फुलला. त्याच आठवड्यात भिंगरीला पिल्लं झाली आणि तिच्या बिळाचं मागचं दार ढासळलं. ती धावत सुटली. खवलोजीरावांकडे येणारी गाऱ्हाणी ऐकायला एक कासव बसवलेलं होतं. त्याचं नाव धीरूभाऊ.

"धीरूभाऊ, मागचं दार बुजलंय हो! पिल्लांचे डोळेसुद्धा उघडलेले नाहीत."

"जुनं बीळ की नवं?"

"जुनं."

"जुन्याचा सपोर्ट संपला."

"मग नवं द्या!"

"जांभळं पिकू देत."

"आणि तोवर धामण आली तर?"

धीरूभाऊंनी शांतपणे मान बाहेर काढली. "आली की लगेच कळवा. तुमचं काम आधी घेऊ."

भिंगरीला रडूच कोसळलं. आईचा जीव तो. रडत रडतच ती घरी आली आणि पिल्लांना पोटाशी घेऊन बसली.

भर दुपारी धामण आली. पुढच्या दारातून तिचं डोकं आत सरकलं. "आहेत का घरात?" तिने आपुलकीने विचारलं.

भिंगरी मागे सरली. मागे नुसती माती. आता संपलंच सगळं, असं तिला वाटलं. तिने घाबरून मातीला नखं मारली. माती निघाली. तिने पुन्हा मारली, आणखी निघाली. मग पंजे आपणहून चालायला लागले, दातांनी मुळं कुरतडली, आणि अंगठ्याएवढा उजेड दिसला. एकेक पिल्लू तोंडात धरून तिने बाहेर नेलं. शेवटच्या पिल्लाला घेऊन निघताना मागच्या पायांनी सगळी माती धामणीच्या तोंडावर लोटली आणि कारवीच्या झुडपात जाऊन पिल्लं मोजली.

सगळी भरल्यावर ती मोठ्याने ओरडली, "अगं बाई, मला येतंय की!"

तिने तिथेच बीळ खणलं. मागची दारं एकाऐवजी चांगली ऐसपैस दोन ठेवली. बातमी पसरली, तसे शेजारी बघायला आले.

"या, तुम्हालाही दाखवते," भिंगरी म्हणाली. "अगदी सोपं आहे."

"ते असू दे. पण याला सपोर्ट कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? माझाच!"

शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बिचारी, बाळंतपणाने डोक्यावर परिणाम झालाय, असं कुजबुजत ते निघून गेले. खवलोजीरावांनी भिंगरीला गिऱ्हाइकांतून काढूनच टाकलं.

जांभळं पिकली. सगळी मंडळी वाजतगाजत नव्या, गोल, गार, एकाच दाराच्या बिळांत राहायला गेली. धामणही अभिनंदन करायला घरोघर जाऊन आली.

पावसाळा संपला तरी खवलोजीरावांकडे नव्या बिळाबद्दल एकही तक्रार आली नाही. त्यांनी धीरूभाऊंचा सत्कार केला. तो बघायला धामण आली होती. ती बरीच जाड झाली होती आणि टाळ्या वाजवणारं दुसरं कुणीच नव्हतं.

तात्पर्य: बाळांनो, आपलं बीळ आपण कधीही खणू नये. खणलंत तर जिवंत राहाल हे खरं. पण मग तक्रार कुणाकडे कराल?