कांबळे काकांचा चांदीचा तुकडा

आमच्या खालच्या खोलीतल्या कांबळे काकांनी माझ्या सात महिन्यांच्या पोरीवरून मशीन फिरवलं. जमिनीतला धातू शोधायचं मशीन! पायातल्या चांदीच्या वाळ्यांवर ते पीं पीं ओरडलं, पोरगी दचकून रडली, आणि काका म्हणतात कसे, "चांदी ओळखतंय. पुरावा मिळाला." अहो, माणसाचं लेकरू आहे का शेत?

लंडनजवळ हाउन्सलोच्या या घरात वर आम्ही तिघं, खाली काका, आणि किचन सगळ्यांत एक. काका एअरपोर्टवर सामान चढवून चढवून रिटायर झाले, आता रविवारी कुणा गोऱ्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या रानात हिंडतात आणि चिखल आणून माझ्या सिंकमध्ये धुतात. मी दहावी नापास, काकांशी काय वाद घालणार? पण घालते. रोज घालते.

मागच्या महिन्यात त्यांना एक काळा तुकडा सापडला, केकच्या कापासारखा. झालं! माझ्या पीठ मोजायच्या काट्यावर ठेवला. "पावणेसात ग्रॅम. आख्ख्या नाण्याची चौथाई. स्पेनच्या राजाचं नाणं. सुट्टे नसले की लोक तोडायचे."

म्हणलं, कशावरून? तर भिंगच माझ्या डोळ्याला लावलं. "हा खांब बघ, खाली लाटा. इथे एम. त्याच्या डोक्यावर बारका ओ असला तर मेक्सिकोची टांकसाळ. पण तो ओ आहे का माती, ते म्युझियमातल्या मॅडम मंगळवारी ठरवतील."

हात लावू नको, असं बोलले का? नाही बोलले! सोमवारी मी पोरीचे वाळे टूथपेस्टनं घासत होते, शेजारी बशीत हा काळा तुकडा. घरात चांदी काळी ठेवू नये, आई म्हणायची. घासला. लख्ख केला. म्हणलं, खूश होतील!

काका आले, बघितलं, खुर्चीत बसले. "दोनशे वर्षांचा रंग होता गं तो." एवढंच. माझ्या डोळ्यासमोर घरमालकच आला. पोरगी रडते म्हणून घरमालकानं आधीच बजावलंय, अजून एक तक्रार आली की खोली सोडायची. आणि काकांचा शब्द तो ऐकतो.

मंगळवारी मीपण गेले, प्रॅम ढकलत, त्या मॅडमची माफी मागायला. तुकडा बघताच तिनं विचारलं, हे कुणी घासलं? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मी. सॉरी."

ती बाई त्यांना पाच मिनिटं शाळेतल्या पोरासारखं बोलली, आणि हे मान खाली घालून! मला असा राग आला, म्हाताऱ्या माणसाला किती बोलायचं? मग तिनं भिंग घेतलं. ओ होता. पुसट झालेला, पण होता. मेक्सिकोच.

परत येताना बसमध्ये धीर करून विचारलं, "काका, खोटं कशाला बोललात? आणि घरमालकाला... सांगणार का?"

"त्याला कशाला?" काकांनी पोरीचा निसटलेला मोजा नीट चढवला. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्या आधीचे भाडेकरू फार शांत होते गं. दोन वर्षं त्या किचनमध्ये कुणी माझ्याशी भांडलंसुद्धा नाही."