बंदुकीसाठी सहा चमचे तेल

माझी केमिस्ट्रीची डिग्री लग्नानंतर दुधाच्या बाटल्या उकळण्यातच खर्ची पडली, असं ज्यांना वाटतं त्यांनी गेल्या जानेवारीत आमच्या अमरावतीच्या घरी यायला हवं होतं. मी तेव्हा बंदुकीसाठी तेल निवडत होते.

बंदूक माझ्या सासऱ्यांची, देवमन मामाजींची. दुनळी, लायसनची. मामाजी एका पतसंस्थेच्या गेटवर गार्ड आहेत. त्यांना नेमणारी एजन्सी अकोल्याची. दर जानेवारीत बंदूक घेऊन तिथे जायचं, एजन्सीतले रिटायर्ड सुभेदार ती उघडून नळीत डोकावणार, पसंत पडली तर आणखी एक वर्ष नोकरी. मामाजी एकसष्ट वर्षांचे. या खेपेस जराशी खोट सापडली तरी घरी बसवतील, अशी धास्ती. आणि नेमकी जुनी तेलाची कुपी संपली.

"खोबरेल लावा," आत्याबाई म्हणाल्या. माझ्या सासूबाई डोकेदुखीपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेलच लावतात.

"गाडीचं ऑइल टाका," धम्मदीप म्हणाला. नवऱ्याने हा सल्ला मोबाइलमधून मान वर न करता दिला.

"थांबा," मी म्हटलं, "प्रयोग करून ठरवू."

बंदुकीला मामाजींशिवाय कोणी हात लावायचा नाही, काडतुसं कपाटात कुलपात, हा घरचा कायदा. मग मी प्रयोग चमच्यांवर केला. आमची लेक मित्रा सात महिन्यांची. ती झोपते वीस मिनिटं. तेवढ्यात मी गच्चीच्या कठड्यावर चमचे पालथे मांडून प्रत्येकाच्या पाठीवर एकेक तेल सोडलं: खोबरेल, तीळ, फल्ली म्हणजे शेंगदाणा, गाडीचं ऑइल, शिलाई मशीनचं तेल आणि जवस. पाचच जुने चमचे सापडले. सहावा, जवसासाठी, मित्राचा चांदीचा चमचा घेतला. माझ्या आईने तिच्या पहिल्या घासासाठी दिलेला. लगेच धुऊन ठेवणार होते.

सकाळी खोबरेल गोठून मेणबत्ती झालं होतं. मशीनचं तेल इतकं पातळ की वाहूनच गेलं. गाडीच्या ऑइलवर धूळ बसली, तीळ आणि फल्लीवर मुंग्या. पण जवस! दुसऱ्या दिवशीही जागचं हललेलं नव्हतं, उन्हात मधासारखं चमकत होतं. माझं बोट त्यावरून असं सरकलं की मला डिग्री मिळाल्याचा दिवस आठवला.

"मामाजी, जवस."

"पक्कं?"

"केमिस्ट्री आहे मामाजी."

मामाजींनी बंदूक उघडायच्या खटक्यात, बिजागरीत, जिथे जिथे जागा दिसली तिथे जवस सोडलं. हाताला उरलं ते लाकडी दस्त्याला पुसलं. त्याच संध्याकाळी मित्राचा दात यायला लागला आणि चमचे मी साफ विसरले. पुढचे दहा दिवस मामाजी बंदूक खांद्याला लावून गेटवर उन्हात उभे. पतसंस्थेत बंदूक उघडायची वेळ कधी येत नाही.

अकोल्याला मीही गेले, मित्राला कडेवर घेऊन. माझं माहेर तिथलंच, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या घासासाठी आईला सोबत आणायचं होतं.

"उघडा देवमनजी," सुभेदार म्हणाले.

मामाजींनी खटका दाबला. दाबला म्हणजे त्याच्यावर अंगठा ठेवून डोळे मिटले. काही झालं नाही. गुडघ्यावर घेऊन पाहिली. मग नळी सुभेदारांनी धरली, दस्ता मामाजींनी, आणि दोघे एकसष्ट आणि अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ रस्सीखेच खेळायला लागले. मित्राला हे इतकं आवडलं की ती टाळ्या वाजवायला लागली.

"हे बंदूक हाये का लाटणं?" सुभेदारांना धाप लागली. "काय लावलं हो याले?"

"जवस."

"कोणाची अक्कल?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीच."

एक वर्षाची नोकरी समोर टेबलावर चिकटून पडली होती आणि हा माणूस मला पाठीशी घालत होता.

"माझी," मी म्हटलं. "प्रयोग मी केला."

"किती दिस पाह्यला प्रयोग?"

"दोन."

"तिसऱ्या दिसापासून ते वाळते, बाई! रंगात कालवतेत लोक त्याले. लोखंडाले लाख लावल्यावाणी झालं हे."

पाचला ऑफिस बंद होणार होतं, साडेतीन झाले होते. मी मित्राला मामाजींच्या हातात दिलं आणि समोरच्या रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. सुभेदार थेंब थेंब सोडत बसले, मामाजी नातीला थोपटत बसले. पावणेपाचला खट्ट झालं. इतका गोड आवाज मी मित्राच्या पहिल्या रडण्यानंतर ऐकला नव्हता.

नळी आतून आरशासारखी. सुभेदारांनी दस्त्यावरून हात फिरवला. "लाकडाले मात्र हेच तेल पायजे. नवा दिसून राह्यला." मग त्यांनी एका वर्षाची सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'तेलाबाबत सुनेचा सल्ला घेऊ नये.'

दुसऱ्या दिवशी खीर तयार, आई पाटाजवळ. "चांदीचा चमचा कुठाय गं?"

मी गच्चीवर धावले. मागोमाग सगळे. जवस वाळून चमचा कठड्याला असा बसला होता की गवंड्यानेच लावला असावा. मी ओढला, धम्मदीपने ओढला. मामाजी म्हणाले, "टर्पेंटाइन आना."

आत्याबाई खाली गेल्या, खोबरेलची बाटली घेऊन आल्या, चमच्याच्या कडेने चार थेंब सोडून अंगठ्याने चोळत बसल्या. जरा वेळाने चमचा सुटला.

"काहून सुटला असंल वं?" त्यांनी मला विचारलं. "तुह्या केमिस्ट्रीत असंल ना ते."

मी चमचा घासायला घेऊन खाली आले.