सावळारामची फळी

सावळारामनं माजघराचं दार लोटून घेतलं, सदरा खुंटीला टांगला आणि सारवलेल्या भुईवर पालथा पडला. कोपरं आणि चवडे तेवढे टेकवले, बाकी देह अधांतरी. म्हणजे देह अधांतरी होता. पोट अजून भुईवरच होतं.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी वडगाव रासाईच्या तालमीत सावळारामनं शड्डू ठोकला की भीमेचं पाणी दोन बोटं मागं सरायचं म्हणतात. मग लग्न झालं, आणि भल्याभल्या पैलवानांना जमलं नाही ते झुंबरबाईच्या पुरणपोळीनं केलं.

परवा पारावर त्याचा जुना जोडीदार अकबर म्हणाला, "सावळ्या, आखाड्यात आधी तुझं पोट येईल, मागनं तू."

"तू लई शेवग्याची शेंग! ये की जत्रंला. हरंल त्यानं जिंकंल त्याला मरस्तवर वस्ताद म्हणायचं!"

गावासमोर शब्द गेला. घरी मात्र झुंबरबाईनं कुस्तीचं नाव काढायलासुद्धा बंदी घातलेली. म्हणून ही चोरून फळी. तो आणि अकबर, दोघंही इब्राहिम वस्तादांच्या हाताखाली घडलेले. पोरांना पालथं घालून वस्ताद सांगायचे, "फळी व्हा! आन् बोलायचं न्हाई. बोलला त्यो ढासळला."

आज पोट सुटलं. थरथरत, घाम गाळत, पण सुटलं! तालमीतल्या तेल-हळदीच्या मातीचा वास थेट नाकात आला. वस्ताद जवळच उभे आहेत असं वाटलं, आणि सावळारामचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दार उघडलं.

"अगं बया! आवो, काय झालं?"

सावळाराम गप्प. बोलावं तर फळी ढासळते, आणि कुस्तीही उघडी पडते.

"कमरंत चमक भरली व्हय?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं. पण सगळा देहच हलत होता, त्यात मान कोण बघतो?

चमकेवर गावात इलाज एकच, पायाळू माणसाचा पाय. आणि पायाकडून जन्मलेली अख्ख्या आळीत एकच, अकबरची बायको सरदारबी. राहायची भिंतीपलीकडेच. झुंबरबाईनं हाक मारली आणि ती पदर खोचत हजर झाली. बाई अंगानं भरभक्कम.

"भाऊजी, घट व्हा," म्हणत तिनं उजवा पाय सावळारामच्या कमरेवर ठेवला. अर्धवट काम तिला ठाऊक नव्हतं.

कट्ट!

"आय्यायाय गं!"

"बघ, वाचा फुटली," सरदारबी समाधानानं म्हणाली.

"वाचा कसली फुटली! कंबर मोडली! जत्रंला कुस्ती हाय माझी!"

"कुस्ती?" झुंबरबाईनं कमरेवर हात ठेवले.

सरदारबीचा चेहरा मात्र उतरला. "म्हंजी भाऊजी, तुम्ही फळी करत व्हता?"

"व्हय! आता तुमच्या नवऱ्याला वस्ताद म्हणायचं आलं नशिबी!"

"या अल्ला!" तिनं पदर तोंडाला लावला. "सकाळी आमचे हे बी असंच पडले व्हते. थरथरत, मुके. मी त्यांची बी चमक उतरवली. तवापास्नं हालंना, बोलंना झालेत."

जत्रेच्या दिवशी आखाड्याकडेला दोन बाजा शेजारी शेजारी टाकल्या होत्या. कमरेखाली शेकायच्या विटा घेऊन दोन्ही पैलवान पोराटोरांच्या कुस्त्या बघत होते. सरदारबी समोरून गेली. उठायला दोघांनाही जमेना. पडल्यापडल्याच हात कपाळाला लावून दोघं एका सुरात म्हणाले,

"सलाम, वस्ताद!"

दिल्या शब्दाला दोघंही मरेपर्यंत जागले.