चिकटायचं की घसरायचं

“स्टेजवर जायच्या आधी यॉतचा एक तुकडा तोंडात धर. एकच हं! आणि शेवाळाच्या सुपाला आज शिवायचं नाही. सगळं नीट पार पडलं की देवळात जाऊन नमस्कार घालायचे. कबूल?”

“कबूल गं आई!” बोम-सॉकनं फोनवर सांगून टाकलं होतं. परीक्षेच्या दिवशी सोलमधली कुठलीही आई हेच सांगते. यॉत म्हणजे चिकट मिठाई; ते खाल्लं की यश चिकटतं. बुळबुळीत समुद्री शेवाळ खाल्लं की माणूस घसरतो. आणि आज तर त्याच्या गटाचं टीव्हीवरचं पहिलंच गाणं! रॅप त्याचं, नाचात मधली जागाही त्याचीच.

मॅनेजरबाईंनी मात्र बजावलं होतं, “आज अडखळलास, तर रॅप हान-सॉलला.” हान-सॉल म्हणजे गटातलं शेंडेफळ.

“मी आणि अडखळणार?” बोम-सॉक आरशाला म्हणाला. “माझी जीभ लाह्यांसारखी उडते!”

आईनं तुकडा सांगितला होता खरा. पण तुकड्यानं चिकटून चिकटणार किती? फार तर एक गाणं. याला अख्खी कारकीर्द चिकटवायची होती! त्यानं यॉतची सबंध वडी तोंडात कोंबली.

तेवढ्यात दार उघडलं. “चला, आधीच्या गटाचं लवकर आटपलं. आता तुम्हीच!”

“म्म्म!” बोम-सॉक म्हणाला.

माहेरी आलेली लेक आईला बिलगावी, तसा खालचा जबडा वरच्याला बिलगला होता. सुटायचं नावच नाही!

“आवाज तापवतोय,” मेकअपवाली कौतुकानं म्हणाली. “किती मेहनती पोरगा!”

गटाचा म्होरक्या ग्यू-चान याला टेबलावरचा यॉतचा रिकामा कागद दिसला. “अरे करंट्या, सबंध वडी? गरम काहीतरी आणा रे, वितळेल!”

“माझ्याकडे आहे!” हान-सॉल थर्मास घेऊन धावला. “दादाचा वाढदिवस ना आज? पहाटे उठून केलंय.”

झाकण उघडलं. शेवाळाचं सूप!

कोरियात वाढदिवसाला ते हवंच; पण आज, परीक्षेच्या दिवशी? बोम-सॉकचे डोळे पांढरे झाले. अस्सं! रॅप बळकावायला हे शेंडेफळ घसरगुंडी शिजवून आलंय! तो खुर्चीमागे दडला.

“दादा, एक घोट!”

“म्म्म! म्म्म्म!”

“शिव्या देतोय का रे मला?”

“प्रेमानं देतोय. धर त्याचे हात!” ग्यू-चान ओरडला.

झटापटीत निम्मं सूप बोम-सॉकच्या बुटांवर गेलं. हान-सॉल रडवेला झाला. “दादा, नको रे मला तुझं रॅप! माझी जीभच वळत नाही. तू नाही बोललास तर मला बोलायला लावतील. पी ना!”

बोम-सॉक विरघळला. त्यानं उरलेलं सूप ओठांतून आत ओढलं, मग यॉतही विरघळलं. टॉक! जबडा सुटला.

आणि काय सांगावं, स्टेजवर त्याची जीभ लाह्यांसारखीच उडाली! एक शब्द इकडचा तिकडे नाही. बघणाऱ्या मुली किंचाळत होत्या. ‘आईचं आपलं काहीतरीच!’ असं मनात म्हणत त्यानं शेवटच्या झोकासाठी ऐटीत पाय उचलला, आणि सुपात भिजलेल्या बुटानं आईची बाजू घेतली. धप्प! एक बोट आभाळाकडे रोखून तो बसल्या बसल्या थेट कॅमेऱ्यापर्यंत घसरत गेला.

मग छप्पर उडेल असा गलका!

मॅनेजरबाई हसून हसून डोळे पुसत आल्या. “रॅप तुझंच! आणि ते घसरणं दर आठवड्याला हवं. अगदी तस्संच!”

“द... दर आठवड्याला?”

फोन वाजला. “बाळा, चिकटलं का?”

“चिकटलं गं आई. अगदी बुडाला चिकटलं!”

आत सगळे केक कापायला त्याला शोधत होते. तो मात्र एक हात कमरेवर ठेवून, हळूच मागच्या दारानं निघाला होता. नमस्कार घालायचा म्हणजे आधी खाली बसावं लागतं, मग उठावंही लागतं, हे त्याला देवळाच्या चढावर आठवलं. पण कबूल म्हणजे कबूल!