गळती पूर्ववत करण्याबाबत

दिनांक २१ मार्च १९८३, सोमवार. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी लातुरातील एका सरकारी कार्यालयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, काळ्या लँडमास्टर मोटारीखाली, तेलाचे सात थेंब आढळून आले. थेंब तांत्रिक सहायक शेषेराव यांनी स्वतः मोजले. शेषेराव तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेले गृहस्थ होते आणि मोजल्याखेरीज कशावरही विश्वास ठेवत नसत. त्यांनी बोट लावून वास घेतला. ते ब्रेकचे तेल होते.

मोटार वयाने पंचविशीची होती. जिल्हा नवा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्याकडून वाटणीत बावीस खुर्च्या, चार कपाटे, एक बंद घड्याळ आणि ही मोटार आली. घड्याळाबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

"साहेब, पाय दाबला की निस्ता तळाला जायलाय," चालक गुंडप्पा म्हणाला. "तीनदा पंप मारावं, तवा कुटं ऐकती. सपाटीला चालवून नेईन मी. उताराला न्हाई."

"मास्टर सिलिंडरमधली दोन रबरं गेलीत," शेषेराव म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाच्या कामासाठी मंजुरी लागते हे त्यांना ठाऊक होते. ती किती दिवसांत मिळते, हे मोजण्याचे साधन मात्र तंत्रनिकेतनात शिकवत नव्हते.

आदल्या पावसाळ्यात पावसाने दडी मारली होती आणि कार्यालयाचे काम टंचाईचे होते. गावाची विहीर कोरडी पडल्यास कार्यालयाच्या मुख्य अधिकाऱ्याने, म्हणजे साहेबांनी, समक्ष जाऊन पाहावे. पाहिल्यास गाव टंचाईग्रस्त ठरावे. ठरल्यास टँकर जावा, असा क्रम होता. जळकोटच्या वाटेवर एका लांब उताराखाली पायथ्याची वाडी होती. तिची विहीर माघातच आटली होती. तिथल्या साखराबाई दर सोमवारी एस.टी.ने येऊन कार्यालयाच्या पायरीवर बसत.

"लेकरा, तुमचा साहेब कवा येनार?" त्यांनी शेषेरावांना विचारले.

"गाडीचा ब्रेक दुरुस्त झाला की येतील, मावशी."

"मंग कर की दुरुस्त. हात हायत नव्हं तुला?"

शेषेराव हात आणि सात थेंबांचे टिपण घेऊन अधीक्षक रेवणसिद्ध यांच्याकडे गेले. रेवणसिद्धांनी टिपण दोनदा वाचले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शेषेराव, गळती नक्की कधी सुरू झाली?"

"आज आढळली."

"आढळणं आणि सुरू होणं यांत फरक आहे. गळती जिल्हा होण्याआधीची असेल, तर खर्च जुन्या जिल्ह्यानं सोसायला हवा. आपण मुकाट्यानं दुरुस्ती केली, तर दायित्व कबूल केल्यासारखं होईल. आज गळती घेतली, उद्या ते कर्ज पाठवतील."

"पण साहेबांना पाहणीला जायचंय."

"जाऊ द्या ना. अडवतंय कोण?"

"अडवायलाच काही नाही, हीच तर अडचण आहे."

रेवणसिद्धांना विनोद आवडत नसे. त्यांनी जुन्या जिल्ह्यास पत्र धाडले. तीन आठवड्यांनी उत्तर आले : 'मोटार आपणांस दिली आहे. गळती दिल्याची नोंद आमच्या दप्तरी नाही. सबब ती आपण परस्पर मिळवली असावी.'

तोवर साहेबांनी दौरे थांबवले नव्हते. इतर जीपगाड्या टंचाई पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या दिमतीला होत्या, म्हणून त्यांनी लँडमास्टरच काढली. सोबतीला रोजगार हमीवरचा वीरभद्र नावाचा मजूर देण्यात आला. त्याच्या मांडीवर एक दगड असे. गाडी मंदावली की त्याने दगडासह उडी टाकावी आणि चाकाखाली सारावा, अशी व्यवस्था होती. कागदोपत्री त्याला 'पूरक गतिरोधक' म्हणत.

असे करीत मोटार उताराच्या माथ्यापर्यंत गेली. तिथे वीरभद्राने दगड लावला. गुंडप्पाने किल्ली काढून खिशात टाकली.

"खाली न्यायची न्हाई मी, साहेब. माझी दोन लेकरं हायत."

"मग चालत जाऊ या का?" सोबत आलेल्या शेषेरावांनी सुचवले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. "शेषेराव, अधिकारी चालत गेला तर त्याला दौरा म्हणत नाहीत. लोक विचारतील, साहेबांची गाडी काढून घेतली की काय."

साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. खाली विहिरीभोवती घागरी घेऊन बायका उभ्या होत्या. साखराबाईंनी हात वर करून काहीतरी ओरडून सांगितले. वाऱ्याने ते माथ्यापर्यंत आणले नाही. साहेबांनीही हात हलवला. संध्याकाळी अहवालात लिहिले गेले : 'माथ्यावरून विहीर स्पष्ट दिसली. तीत पाणी नसल्याचे दिसले नाही. विहिरीवर ग्रामस्थांची वर्दळ असून त्यांनी हात हलवून स्वागत केले.'

पुढच्या सोमवारी साखराबाई पायरीवर बसल्या नाहीत. थेट शेडमध्ये आल्या.

"तुमी काय नाटक बघायला आलता का वर?" त्यांनी विचारले. "अन् ह्यो म्हातारा डबा बघा, ह्याला साधं थांबता येईना. आमची म्हस मेली, बाबा. आता मानसाचा नंबर हाय."

त्या रविवारी सकाळी कार्यालय बंद असताना शेषेरावांनी स्वतःच्या खिशातून रबरे आणली. पायाखालची फळी उचलली, सिलिंडर उतरवला, ताज्या ब्रेक ऑइलने धुतला. फुगून मऊ पडलेली जुनी रबरे काढली, नवी बसवली. नळ्यांतली हवा काढताना गुंडप्पा आत बसून पाय दाबत होता.

"लागला, साहेब! दगडावानी लागला!" तो ओरडला. "उद्या पायथ्याला जातो. साखरामावशीच्या दारात उभी करतो गाडी!"

सोमवारी साडेदहाला रेवणसिद्धांनी दोघांना बोलावले. त्यांचा चेहरा घरात काही वाईट घडल्यासारखा होता.

"शेषेराव, हे काय केलंत तुम्ही?"

"ब्रेक लागतो आता."

"तेच म्हणतो मी! मोठ्या मुश्किलीनं जुन्या जिल्ह्यानं संयुक्त पाहणी मान्य केली. गुरुवारी त्यांचे दोन अधिकारी येताहेत. काय पाहायला? गळती! आणि तुम्ही ती नाहीशी करून ठेवलीत. आपली तक्रार खोटी ठरेल. नव्या जिल्ह्याची पहिलीच तक्रार खोटी! लोक म्हणतील, ह्यांना जिल्हा दिला कशाला?"

"पण आज साहेब वाडीला जाऊ शकतात," शेषेराव म्हणाले.

"कशानं जातील? मंजुरी नसलेल्या ब्रेकनं? तो लागला, तर त्याची जबाबदारी कोणावर?"

दुपारी लेखी आदेश आला : 'गळती पूर्ववत करण्यात यावी.'

शेषेरावांच्या निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. त्यांनी जुनी रबरे डब्यातून काढली आणि, जे काम करायचे ते नीट करायचे या सवयीने, नीट बसवली. पहिल्या दिवशी नऊ थेंब पडले. टिपणात सात होते. दोन जादा थेंबांचा खुलासा मागितला जाईल, म्हणून त्यांनी नळीचा नट थोडा आवळला. मग सात पडू लागले.

गुंडप्पा हे सारे बाजूला उभा राहून पाहत होता. "साहेब," तो म्हणाला, "लई सफाईचा हात हाय तुमचा. बसवतानाबी अन् काढतानाबी."

गुरुवारी संयुक्त पथक आले. चौघे अधिकारी गाडीखाली वाकले. सरबत झाले. गळती आहे यावर दोन्ही जिल्ह्यांचे एकमत झाले; एवढे एकमत जिल्हा वेगळा झाल्यापासून प्रथमच दिसले, असे रेवणसिद्ध भारावून म्हणाले. खर्च निम्मा-निम्मा सोसावा आणि दुरुस्ती पावसाळ्यानंतर हाती घ्यावी, असे ठरले.

पुढच्या सोमवारी शेषेराव शेडच्या दारात उभे राहून एस.टी.ची वाट पाहत होते. साखराबाई आल्या नाहीत. त्यापुढच्या सोमवारीही नाही. शेवटी गुंडप्पा एक दिवस रजा टाकून सायकलने उतार उतरला. संध्याकाळी परत येऊन तो शेडमध्ये जमिनीवरच बसला.

"कुलपं हायत, साहेब. सगळ्या दाराला. जनावरं बाजारात, मानसं नांदेडकडं. साखरामावशी कुटं गेली, सांगायलाबी कुनी न्हाई."

शेषेरावांनी ही माहिती रीतसर वर कळवली. वरून ती समाधानाने स्वीकारण्यात आली. वाडीत माणूस नाही, म्हणजे पाण्याची मागणी नाही. मागणी नाही, तिथे टंचाई असू शकत नाही. उताराखालच्या इतर पाच गावांनाही हेच सूत्र लावण्यात आले. मे महिन्यात आकडे प्रसिद्ध झाले. ते वर्तमानपत्रात पहिल्या पानावर, ठळक चौकटीत होते. आपणही ते वाचले होते. चला, यांचे तरी बरे झाले, असे म्हणून आपण चहाचा कप उचलला आणि पान उलटले.

उताराखालील एकूण गावे सहा. पैकी टंचाईग्रस्त : शून्य.